अमेरिकेचा शेअर बाजार कायम पुढेच राहील काय?

मार्च २००९ मध्ये अमेरिकेचा एस अँड पी ५०० हा निर्देशांक ६७६ पर्यंत घसरला होता. २०२४ च्या अखेरीस तोच निर्देशांक ५,८८१ वर बंद झाला. पावणेसोळा वर्षांत साडेआठ पटींहून अधिक वाढ, आणि तीही लाभांश न धरता! या काळात युरोप, जपान वा चीन यांपैकी एकही मोठा बाजार अमेरिकेच्या बरोबरीने धावू शकला नाही.

ही बातमी आता दलाल स्ट्रीटपुरती राहिलेली नाही. भिवंडीच्या यंत्रमागधारकाचा मुलगा मोबाईलवर अमेरिकन कंपन्यांचे भाव पाहतो. दुबई-कतारला नोकरीस असलेला भाऊ फोनवर सुचवतो की, आता प्लॉट नको, सोने नको, अमेरिकेच्या फंडात रक्कम टाकू या. मालेगाव, सोलापूर, मिरज येथील कितीतरी घरांत हाच विषय निघतो. बोलण्याचा सूरही एकच असतो : जो बाजार पंधरा वर्षे सर्वांच्या पुढे राहिला तो पुढेही राहणारच.

हे गृहीत खरे आहे काय, हे तपासून पाहिले पाहिजे. कारण आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या हाती फिरवायला मोकळी रक्कम नसते. जी असते ती मुलीच्या लग्नासाठी, हजसाठी, नव्या मागासाठी किंवा म्हातारपणासाठी बाजूला काढलेली असते. ती एकदा अडकली तर पुन्हा जमवण्यास आयुष्य पुरत नाही.

आजचे चित्र

प्रथम आकार पाहू. जगातील सर्व शेअर बाजारांचे मिळून जे बाजारमूल्य होते, त्यात २०२४ च्या अखेरीस एकट्या अमेरिकेचा वाटा ६० टक्क्यांहून अधिक होता. जगाच्या लोकसंख्येत अमेरिकेचा वाटा सुमारे ४ टक्के आणि जगाच्या एकूण उत्पन्नात सुमारे पाव. म्हणजे उत्पन्नाचा पाव वाटा असलेल्या देशाकडे शेअरमूल्याचा दीडपावाहूनही बराच मोठा वाटा आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे या निर्देशांकात कंपन्या सुमारे ५०० असल्या तरी सर्वांचे वजन सारखे नाही. ज्या कंपनीचे बाजारमूल्य मोठे, तिचे वजन मोठे. २०२४ च्या अखेरीस पहिल्या दहा कंपन्यांचेच वजन एक तृतीयांशाहून अधिक झाले होते. त्यांत अ‍ॅपल, मायक्रोसॉफ्ट, एनव्हिडिया, अ‍ॅमेझॉन अशा तंत्रज्ञानाशी संबंधित कंपन्यांचा भरणा होता. तेव्हा ‘मी ५०० कंपन्यांत पैसे विभागले’ असे जो समजतो, त्याच्या दर तीन रुपयांतील एक रुपयाहून अधिक रक्कम फक्त दहा कंपन्यांत असते.

अमेरिका पुढे का गेली ?

अमेरिकेची ही आघाडी म्हणजे नुसता फुगा आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिला भक्कम कारणे आहेत.

तेहतीस-चौतीस कोटी लोकसंख्येची, एका चलनाची, एका कायद्याची अशी मोठी बाजारपेठ तेथील उद्योजकाला घराच्या दारातच मिळते. जगभरातील हुशार तरुण तेथील विद्यापीठांत शिकायला जातात आणि पुष्कळसे तेथेच राहून धंदा काढतात. धंदा बुडाला तर माणूस कायमचा उठतो असे तेथे होत नाही. दिवाळखोरीचा कायदा त्याला पुन्हा उभे राहण्यास वाव देतो. शिवाय एस अँड पी ५०० मधील कंपन्यांची मोठी विक्री अमेरिकेबाहेर होते. म्हणजे आपल्या खिशातील मोबाईल व दुकानातील संगणक यांतूनही त्यांना पैसा मिळत असतो.

याखेरीज काही कारणे सरकारी धोरणाची आहेत. डिसेंबर २००८ पासून डिसेंबर २०१५ पर्यंत तेथील मध्यवर्ती बँकेने व्याजदर जवळजवळ शून्यावर ठेवला. मार्च २०२० ते मार्च २०२२ या काळात पुन्हा तसेच केले. पैसा बँकेत ठेवून काही मिळेना म्हणून तो शेअर बाजाराकडे वळला. डिसेंबर २०१७ मध्ये संमत झालेल्या कायद्याने कंपन्यांवरील केंद्रीय कराचा दर ३५ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आणला. तोच माल, तीच विक्री, पण कर कमी झाल्याने हाती उरणारा नफा वाढला.

येथेच एक बाब ध्यानात घ्यावी. कर ३५ वरून २१ टक्के एकदा करता येतो. तोच फायदा दर दहा वर्षांनी पुन्हा मिळत नाही. व्याजदर शून्यावर आणता येतो; त्याच्या फार खाली नेता येत नाही. उलट २०२२-२३ मध्ये तो वाढवून सव्वापाच टक्क्यांच्या वर न्यावा लागला. एकदाच मिळणारा फायदा आणि दरवर्षी मिळणारा फायदा यांत व्यापाऱ्याने फरक केलाच पाहिजे.

धंद्याचा नफा आणि दुकानाची पागडी

शेअरचा भाव दोन कारणांनी वाढतो. एक, कंपनीचा नफा वाढतो. दोन, त्याच नफ्यासाठी लोक जास्त पट किंमत मोजायला तयार होतात. हा फरक दुकानाच्या उदाहरणाने चटकन समजेल.

समजा, भर बाजारात एक दुकान आहे. त्याचा वर्षाचा निव्वळ नफा १ लाख रुपये आणि ते १५ लाखांना मिळते. म्हणजे नफ्याच्या १५ पट किंमत. काही वर्षांत धंदा वाढला, नफा २ लाख झाला. बाजाराचे नाव झाले, गिऱ्हाईक वाढले, म्हणून लोक आता २५ पट द्यायला तयार झाले. दुकानाची किंमत झाली ५० लाख. नफा दुप्पट झाला, पण किंमत सव्वातीन पटींहून अधिक झाली. मधला फरक हा पागडीचा.

आता जो माणूस ५० लाख मोजून तेच दुकान घेईल त्याचे काय ? समजा, त्याच्याही काळात नफा दुप्पट होऊन ४ लाख झाला. पण लोकांची हौस ओसरली आणि पुन्हा १५ पटच मिळू लागले, तर दुकानाची किंमत होईल ६० लाख. पहिल्या मालकाला नफा दुप्पट होताच सव्वातीन पट मिळाले. दुसऱ्याला तितकाच धंदा करून किमतीत फक्त २० टक्के मिळाले. दुसऱ्यालाही पहिल्याइतकाच फायदा व्हायचा तर पागडी २५ पटींवरून सुमारे ४२ पटींवर जायला हवी. त्याच्यानंतरच्या मालकाला ती सुमारे ७० पट हवी ! असे किती काळ चालेल, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

आता हेच गणित अमेरिकेच्या बाजाराला लावू. २०१३ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्यांना मिळाले त्यांपैकी एक, प्रा. रॉबर्ट शिलर, यांनी एक मोजमाप रूढ केले आहे. कंपन्यांच्या मागील दहा वर्षांच्या सरासरी नफ्याच्या, महागाईचा हिशोब धरून, किती पट भाव चालू आहे हे त्यावरून कळते. १८८१ पासूनची त्याची सरासरी सुमारे १७ पट आहे. मार्च २००९ च्या घबराटीत ते सुमारे १३ पर्यंत उतरले होते. २०२४ च्या अखेरीस ते ३७ च्या आसपास होते.

याचा अर्थ असा की, त्या साडेआठ पटींच्या वाढीत सुमारे तीन पटींचा भाग नफा व महागाई यांचा आणि सुमारे पावणेतीन पटींचा भाग पागडीचा. दोहोंचा गुणाकार साडेआठच्या घरात जातो. २००९ चा भाव घाबरून केलेल्या विक्रीचा होता, त्यामुळे त्यातील काही वाढ योग्यच होती. तरीही १३ वरून ३७ वर गेलेले माप पुन्हा पावणेतीन पट वाढायचे तर ते १०० च्या पुढे जावे लागेल. डिसेंबर १९९९ मध्ये, इंटरनेट कंपन्यांच्या वेडाच्या दिवसांत, ते सुमारे ४४ पर्यंत गेले होते. १८८१ पासून २०२४ पर्यंतच्या नोंदीत तोच उच्चांक ठरला.

जपानचा धडा

‘पण अमेरिका म्हणजे अमेरिका’ असे कोणी म्हणेल. १९८९ साली हेच जपानबद्दल म्हटले जात होते.

त्या काळी टोयोटाच्या गाड्या व सोनीचे टेपरेकॉर्डर जगभर खपत होते. अमेरिकन कारखानदार जपानी पद्धती शिकण्यासाठी टोकियोच्या वाऱ्या करीत होते. १९८५ च्या प्लाझा करारानंतर येनचा भाव झपाट्याने वाढला. त्यामुळे निर्यातीला धक्का बसू नये म्हणून बँक ऑफ जपानने १९८७ पर्यंत व्याजदर अडीच टक्क्यांवर आणला. स्वस्त पैसा जमिनीत आणि शेअरमध्ये शिरला. टोकियोतील सम्राटाच्या राजवाड्याची जमीन साऱ्या कॅलिफोर्निया राज्यापेक्षा महाग आहे, असे तेव्हा म्हटले जाई. जगातील सर्वांत मोठे बाजारमूल्य एनटीटी या जपानी टेलिफोन कंपनीचे होते. जगाच्या शेअरमूल्यात जपानचा वाटा ४० टक्क्यांच्या पुढे गेला होता. अमेरिका दुसऱ्या क्रमांकावर होती.

२९ डिसेंबर १९८९ रोजी निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर बंद झाला. मे १९८९ पासून व्याजदर वाढू लागलेच होते; ऑगस्ट १९९० मध्ये ते ६ टक्क्यांवर गेले. जमिनीचे व शेअरचे भाव कोसळू लागले. मार्च २००९ मध्ये निक्केई ७,०५४ पर्यंत खाली आला होता. १९८९ ची पातळी त्याने ओलांडली ती २२ फेब्रुवारी २०२४ रोजी. मधे ३४ वर्षे गेली !

या ३४ वर्षांचा अर्थ माणसाच्या आयुष्यात काय होतो ते पाहावे. क्योतोच्या निशिजिन भागात रेशमी कापड विणणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या राहतात. समजा, त्यांतील एखाद्या ४० वर्षांच्या विणकराने १९८९ च्या अखेरीस साठवलेली सारी रक्कम निक्केईच्या शेअरमध्ये घातली. मूळ भाव परत दिसला तेव्हा तो ७४ वर्षांचा झाला होता. मधे लाभांश मिळाला हे खरे, त्यामुळे तोटा थोडा हलका झाला. पण मुलांचे शिक्षण, लग्ने, आजारपण, धंद्यातील मंदी हे सारे त्याच मधल्या काळात येऊन गेले.

यातील महत्त्वाची गोष्ट अशी की जपान बुडाला नव्हता. टोयोटाच्या गाड्या खपतच होत्या. कारखाने चालू होते, माल उत्तम होता, लोक कष्टाळू होते. चूक मालात नव्हती, मोजलेल्या किमतीत होती. शिलर यांच्या मापाने अमेरिकेचा २०२४ चा भाव जपानच्या १९८९ च्या भावाइतका चढलेला नव्हता, हेही सांगितले पाहिजे. म्हणून अमेरिकेचे जपानसारखेच होईल असे म्हणता येत नाही. पण देश चांगला, कंपन्या चांगल्या, म्हणून शेअर कोणत्याही भावाने घ्यावा, हा युक्तिवाद जपानने कायमचा खोटा ठरवला आहे.

शंभर वर्षांपूर्वी पहिला कोण होता ?

लंडन बिझनेस स्कूलचे एलरॉय डिमसन, पॉल मार्श व माइक स्टाँटन या तीन अभ्यासकांनी १९०० पासूनच्या अनेक देशांच्या शेअर बाजारांचा हिशोब मांडला आहे. त्यांच्या मोजणीनुसार १९०० च्या आरंभी जगातील सर्वांत मोठा बाजार ब्रिटनचा होता. त्याचा वाटा सुमारे पाव होता, अमेरिकेचा सुमारे १५ टक्के. जर्मनी व फ्रान्स मागोमाग होते. रशियाचा वाटा सुमारे ६ टक्के होता.

१९१७ च्या क्रांतीनंतर रशियाच्या शेअरधारकांचे सर्व काही गेले. १९४९ मध्ये चीनमध्ये तेच घडले. जर्मनीच्या शेअरधारकांना दोन महायुद्धे व १९२३ ची भयंकर महागाई सोसावी लागली. ब्रिटनचा बाजार नष्ट झाला नाही, पण पहिल्या क्रमांकावरून खाली आला. १९०० मध्ये अर्जेंटिना हा श्रीमंत देशांत गणला जाई. त्याचे पुढे काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे.

आता दुसरी बाजू. याच अभ्यासकांच्या हिशोबाप्रमाणे १९०० पासून अमेरिकन शेअरवरचा परतावा, महागाई वजा करून, वर्षाला सुमारे साडेसहा टक्के पडला. उर्वरित जगाचा सुमारे सव्वाचार टक्के. म्हणजे अमेरिकेची सरशी आजकालची नाही, ती सव्वाशे वर्षांची आहे. जे लोक अमेरिकाच पुढे राहील असे म्हणतात त्यांचा हा सर्वांत बळकट मुद्दा होय, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

परंतु त्यावर दोन गोष्टी विचारात घ्याव्या लागतात. पहिली, १९०० साली उभे राहून पुढची सव्वाशे वर्षे अमेरिकेची, हे कोण ओळखू शकत होते ? शर्यत संपल्यावर पहिला घोडा दाखवणे सोपे असते. दुसरी गोष्ट वाट्याच्या गणिताची. लहान बाजार मोठ्या बाजारापेक्षा वेगाने वाढू शकतो. पण जो आधीच ६० टक्के झाला आहे त्याला किती वाढायला जागा आहे ? नवे शेअर विक्रीस येणे क्षणभर बाजूला ठेवू. अमेरिका इतर जगापेक्षा दरसाल ५ टक्के अधिक वाढत राहिली, तर ३० वर्षांनी तिचा वाटा ८६-८७ टक्के होईल. दरसाल ३ टक्के अधिक धरले तरी ७८ टक्के. म्हणजे बाकीच्या साऱ्या जगातील कारखाने, बँका, खाणी, दुकाने यांची किंमत एका देशाच्या तुलनेत नगण्य ठरेल. अशक्य काहीच नाही. पण असे कधी घडलेले नाही.

कारभारही बदलत असतो. १९०० मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजारातील ६० टक्क्यांहून अधिक मूल्य रेल्वे कंपन्यांचे होते. रेल्वेने अमेरिका बांधली, यात शंका नाही. पण पुढे ट्रक आले, विमाने आली आणि बाजारातील रेल्वेचा वाटा अगदी किरकोळ राहिला. आजच्या तंत्रज्ञान कंपन्यांचे असेच होईल असे नव्हे. पण एकाच प्रकारच्या कंपन्यांवर उभी असलेली आघाडी कायमची समजू नये, इतके मात्र त्यावरून कळते.

अमेरिकेचीही दहा वर्षे वाया गेली होती

फार मागे जाण्याचीही गरज नाही. १९९९ च्या अखेरीस एस अँड पी ५०० हा १,४६९ वर होता. २००९ च्या अखेरीस तो १,११५ वर होता. दहा वर्षांत सुमारे २४ टक्के घट. लाभांश धरूनही हिशोब तोट्याचाच. त्याच दहा वर्षांत मुंबईचा सेन्सेक्स ५,००० च्या आसपासहून १७,४०० च्या वर गेला. २००० साली ज्यांनी ‘अमेरिकाच भली’ म्हणून सर्व पैसा तेथे नेला असता, ते घरच्या तेजीला मुकले असते.

याउलट मुंबईवरच सर्व विसंबून राहावे असेही नाही. एप्रिल १९९२ मध्ये, हर्षद मेहता प्रकरण बाहेर येण्याच्या सुमारास, सेन्सेक्स ४,४६७ वर बंद झाला होता. एप्रिल २००३ मध्ये, अकरा वर्षांनी, तो ३,००० च्या खाली होता. त्या वेळी बँकेतील ठेव मोडून, बायकोचे दागिने गहाण ठेवून शेअर घेतलेली कुटुंबे महाराष्ट्रातल्या गावोगावी होती. आघाडी या देशाकडून त्या देशाकडे जाते आणि कधी जाईल याची आगाऊ सूचना मिळत नाही. २०२५ मध्ये अमेरिकेचा बाजार वाढला, तरी डॉलरमध्ये मोजता उर्वरित जगाच्या बाजारांची सरासरी त्याहून अधिक वाढली. एका वर्षाने काही सिद्ध होत नाही, हे खरे. पण पारडे फिरू शकते हे त्यातून दिसते.

मग आता अमेरिकेतून पैसा काढून घ्यावा काय ? तसेही म्हणता येणार नाही. महाग बाजार आणखी महाग होऊ शकतो. ५ डिसेंबर १९९६ रोजी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष अ‍ॅलन ग्रीनस्पॅन यांनी बाजारातील अवाजवी उत्साहाबद्दल जाहीर शंका व्यक्त केली होती. त्यानंतरही तीन वर्षांहून अधिक काळ तेजी चालली आणि निर्देशांक दुपटीवर गेला. महागाईच्या मापावरून पुढच्या वर्षीचा भाव कळत नाही. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत फार मोठ्या परताव्याची आशा धरावी की बेताची, एवढेच त्यावरून कळते.

रुपयाचा हातभार

आपल्या लोकांना अमेरिकेत मिळालेला फायदा सर्वस्वी शेअरचा नव्हता. २०१० मध्ये डॉलर सुमारे ४५ रुपयांना मिळत होता. डिसेंबर २०२४ मध्ये त्याने ८५ रुपये ओलांडले. म्हणजे कोणी हजार डॉलर नुसते पेटीत ठेवले असते तरी ४५ हजारांचे ८५ हजार झाले असते. हा फायदा पुढेही काही प्रमाणात मिळू शकेल. पण २००२ ते २००७ या काळात डॉलर ४८ रुपयांच्या आसपासहून ४० च्या खाली आला होता, हेही विसरू नये.

आणखी एक व्यावहारिक अडचण आहे. रिझर्व्ह बँकेच्या २००४ च्या योजनेमुळे सामान्य भारतीयाला परदेशी शेअर घेता येऊ लागले. म्युच्युअल फंडांचा मार्गही आहे. परंतु फंडांनी मिळून परदेशात किती रक्कम न्यावी याला ७ अब्ज डॉलरची मर्यादा घातलेली होती. ती भरत आल्याने २०२२ च्या आरंभी अनेक फंडांना नवे पैसे घेणे थांबवावे लागले. परिणामी, मुंबईच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या अमेरिकन निर्देशांकाच्या काही युनिटांचा भाव त्यांच्या खऱ्या मूल्यापेक्षा वर गेला. असे युनिट घेणारा आधीच महाग असलेल्या मालावर आणखी वरकड देतो. खरेदीपूर्वी युनिटचे जाहीर झालेले मूल्य आणि चालू भाव, दोन्ही ताडून पाहावेत.

निवडक शेअरचे फंड

व्याज, दारू, जुगार यांच्याशी संबंधित कंपन्या वगळून शेअर घेणाऱ्यांसाठी डाऊ जोन्सने १९९९ मध्ये आणि मुंबई शेअर बाजाराने डिसेंबर २०१० मध्ये शरियतच्या निकषांवर निवडलेले निर्देशांक सुरू केले. कोणता व्यवहार जायज हा प्रश्न उलेमांना विचारावा. या पानाचे काम हिशोब मांडण्याचे आहे. आणि हिशोब असा की, या निकषांत बँका गळतात, फार कर्ज असलेल्या कंपन्याही गळतात. उरतात त्यांत कर्ज कमी असलेल्या तंत्रज्ञान कंपन्यांचे वजन साहजिकच वाढते. त्यामुळे जगभर गुंतवणूक करणारा असा फंड घेतला तरी त्यात अमेरिकेच्या त्याच मोजक्या कंपन्यांचा वाटा साध्या फंडापेक्षाही जास्त असू शकतो. आपल्या बांधवांनी फंडाच्या नावावर न जाता त्याने जाहीर केलेली पहिल्या दहा कंपन्यांची यादी जरूर वाचावी.

व्यापाऱ्याने काय करावे ?

वरील सर्व हिशोबातून चार गोष्टी निघतात.

पहिली, दुकानाचे व कारखान्याचे चालू भांडवल शेअर बाजारात नेऊ नये, मग तो बाजार कोणताही असो. सुताचा भाव उतरला तेव्हा सूत घ्यायला रोकड नसेल, तर अमेरिकेतील कागदी फायद्याचा उपयोग काय ?

दुसरी, कर्ज काढून वा दागिने गहाण ठेवून शेअर घेऊ नयेत. स्वतःचा पैसा असेल तर मंदी सरेपर्यंत थांबता येते. कर्जाचा पैसा थांबू देत नाही. भाव तळाला असतानाच विकायला लावतो.

तिसरी, एका देशावर, एका धंद्यावर सर्व रक्कम लावू नये. मिरजेचा सतार बनवणारा कारागीर सर्व लाकूड एकाच व्यापाऱ्याकडून आगाऊ पैसे देऊन घेत नाही. पैशाबाबतही तेच धोरण असावे. काही आपल्या धंद्यात, काही घरच्या बाजारात, काही अमेरिकेत आणि काही तिच्याबाहेरच्या देशांत असावे. तेही एकरकमी न घालता थोडे थोडे, कित्येक वर्षे.

चौथी, मागील परतावा पाहून पुढचा गृहीत धरू नये. साडेआठ पटींच्या हिशोबावर मुलीच्या लग्नाचा किंवा दुकान वाढवण्याचा बेत आखणे धोक्याचे आहे. नफा जितका वाढेल तितकाच शेअर वाढेल आणि पागडी थोडी उतरेलही, असे धरून बेत करावा. त्याहून अधिक मिळाले तर ती बरकत समजावी.

अमेरिकेचा बाजार पुढेही उत्तम बाजारांत गणला जाईल, असे मानण्यास पुष्कळ आधार आहे. पण उत्तम असणे वेगळे आणि कायम सर्वांच्या पुढे राहणे वेगळे. पेठेतील सर्वांत चालते दुकानसुद्धा योग्य किमतीला मिळाले तरच सौदा फायद्याचा होतो, हे आपल्या बाजारपेठांतील जुन्या व्यापाऱ्यांना नव्याने शिकवण्याची गरज नाही. न्यूयॉर्कच्या बाजारालाही तोच नियम लागू आहे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.